लिऊ नुसतं पाणी घालायचा

लिऊ, आज तुझा तेरावा. तुमच्यात तेरावा करतात का नाही, हे पंचवीस वर्षांत कधी विचारलं नाही. तुझ्या पोरीला, लिंडाला, विचारलं तर म्हणाली, "अंकल, मुझे भी नहीं पता." म्हटलं, मग आमच्यातला धरू. गोड करायचं असतं म्हणून शिरा केला. तूप जास्त झालं. पोरगा आणि सून एकेक चमचा खाऊन उठली. उरलेला मी खाल्ला, साखर वाढलेली असताना. तू असतास तर वाटी हातातून काढून घेतली असतीस आणि वर शिवी दिली असतीस.

तुझ्याशी सगळं हिंदीत बोललो. तुझी हिंदी शिलाँगची, माझी कराडची. दोघांचीही मोडकी. भांडायला, थट्टा करायला, बाजारात भाव करायला ती पुरली. पण एक गोष्ट त्या हिंदीत निघेना. पाच वर्षं जिभेवर घोळवली. आज मराठीत लिहितो. तुला वाचता येणार नाही, पण येत असतं तरी तू आता कुठं वाचणार होतास. इकडं उत्तरेतल्या मराठी मंडळींचा अंक निघतो, त्यात छापू म्हणतात. छापा म्हटलं. चारचौघांत खोटं बोललो होतो, तर खरंही चारचौघांतच बोललं पाहिजे.

गोष्ट बागेच्या पाटीची आहे. पाटी मी उतरवली, तुझं नाव मी पुसलं, आणि त्याबद्दल तुझ्याशी एक अक्षर बोललो नाही. आता सांगतो. पण आधीपासून सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला कळायचं नाही तू कोण.

तू बूट करायचास. तुझ्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तो पायामुळं. तेव्हा मी चंडीमंदिरला मिलिटरीच्या बांधकामावर मिस्त्री होतो. डाव्या पायावर दगड पडून अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर चढलेलं, कुठलाच बूट जायचा नाही. तू माझा पाय उचलून मांडीवर घेतलास. सिमेंटनं फुटलेला, भेगाळलेला पाय. मी लाजून मागं ओढला तर म्हणालास, "छोडो यार, पैर है. इज्जत थोडी है." माझ्याइतका फटकळ माणूस मला या गावात पहिल्यांदा भेटला. बूट असा झाला की मी तो घालून झोपायचाच काय तो राहिलो.

मग मी रिटायर झालो आणि पोरानं सोसायटीत फ्लॅट घेतला, तो नेमका तुझ्या ब्लॉकला लागून. बायको, आमची मालन, म्हणाली, "बरं झालं. आता लिऊभावजींशी भांडायला बस धरून जायला नको. भांडण घरपोच."

ब्लॉकच्या मागं, कुंपणाच्या भिंतीपाशी एक तुकडा होता. बिल्डरनं टाकलेला मलबा, फुटक्या फरशा, काटेरी झुडपं. एका सकाळी तू तिथं उभा राहून म्हणालास, "मिस्त्री, यहाँ बाग बनाते हैं. चाइना वाला."

मी म्हटलं, "तू देखा है चाइना?"

"नहीं."

"फिर?"

"माँ ने देखा था."

तुझी आई. पोरवयात तिकडं कुणा सावकाराच्या घरी कपडे धुवायला जायची. घरामागं बाग, बागेला गोल दार. आत जायची परवानगी नाही. बाहेर धुणं आपटता आपटता दारातून जेवढं दिसलं तेवढं तिनं पाहिलं. वाकडी वाट, थोडं पाणी, बांबू, एक उभा दगड, आणि मागं डोंगर. तेच तिनं तुला शिलाँगला हजारदा सांगितलं. म्हणजे बघ, चीन तू पाहिला नाहीस, मी पाहिला नाही, आणि जिनं पाहिला तिनं बाग आतून पाहिली नाही. असल्या माहितीवर आपण बांधकाम काढलं. म्हणून आपल्या बागेत दारातून दिसणार नाही असा एकही कोपरा नाही.

पहिलं भांडण वाटेवरून. मी तीस वर्षं ओळंबा आणि दोरी घेऊन काढली. वाट म्हटली की दोरी धरायची. तू दोरी पायानं उडवलीस. "टेढा चाहिए."

"क्यों?"

"भूत सीधा चलता है. टेढा रास्ता में घुसता नहीं."

मी म्हटलं, आमच्याकडची भुतं कशीही चालतात, त्यांना वाकडं-सरळ काही नाही. तू म्हणालास, "तुम्हारा भूत भी तुम्हारे जैसा है, कोई कायदा नहीं." चार दिवस बोलला नाहीस. पाचव्या दिवशी मी नागमोडी फरशी लावून ठेवली. बोलत होतो का मी तुझ्याशी? नाही. पण फरशी लावली.

दार मात्र खरं अवघड. भिंतीत पुरा गोल, ना चौकट ना उंबरा. कमानी मी शंभर केल्या असतील, पण कमान म्हणजे अर्धा गोल. खालचा अर्धा वाटीसारखा आणायचा कसा? ओळंबा काही कामाचा नाही. तिथं तुझी विद्या आली. दुकानातले बुटांचे रिकामे खोके फाडलेस, खळीनं एकावर एक चिकटवलेस आणि पाव गोलाचा फर्मा कापलास, बुटाच्या तळव्याचा कापतोस तसा. तो फर्मा चारदा फिरवला, गोल पुरा. शेवटची वीट बसली तेव्हा मी फटीत नख घालून बघितलं. नख गेलं नाही. मिलिटरीच्या कुठल्या साहेबानं माझ्या कामाची कधी तारीफ केली नाही, तूही केली नाहीस. दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "माँ यहाँ खडी होती." आणि एक पाऊल मागं सरकलास, तिला जागा करून दिल्यासारखा.

दाराचं तोंड मी पूर्वेला म्हणत होतो. तू उत्तरेला म्हणालास, दोन ब्लॉकच्या फटीतून कसौलीचा डोंगर दिसतो म्हणून. डोंगर आपला नाही, पण दारात बसला की आपलाच. ते भांडण तू जिंकलास आणि बरं झालं जिंकलास.

मग दगड. मोरनीच्या डोंगराखालच्या नदीतून टेंपोत घालून आणला, छातीएवढा. तुझं म्हणणं, दगडाला आरपार भोकं पाहिजेत, पाण्यानं पाडलेली. तशी भोकं पडायला पाणी तिकडं किती वर्षं घेतं कोण जाणे, इथल्या नदीला तेवढी सवड नाही. तू दोन दिवस दिल्लीला गेलास. मी छिन्नी घेतली आणि तीन भोकं पाडली, कडा घासून गुळगुळीत केल्या. वाटलं, कळणार नाही. तू आल्या आल्या भोकात बोट फिरवलंस. म्हणालास, "ये पानी का काम नहीं. ये जाधव का काम है." मी तोंड पाडून उभा. मग म्हणालास, "रहने दो. पानी से जल्दी किया."

दगड उभा केला त्या दिवशी मालन पदराखाली काहीतरी घेऊन आली. नारळ आणि शेंदराची पुडी, गावाकडची. मी म्हटलं, अगं हे काय? म्हणाली, "उभा दगड उघडा ठेवू नये. आपल्यात ठेवत नाहीत." तेल घालून कालवला आणि लावला. आमच्याकडं असाच म्हसोबा होतो. शेताच्या बांधावर दगड उभा असतो, कुणीतरी शेंदूर लावतो, झाला देव. मला वाटलं आता तू भडकणार, तुझ्या आईच्या बागेत आमचा म्हसोबा. तू शेंदराकडं बघितलंस. "लाल है. हमारा भी लाल अच्छा होता है. माँ दरवाजे पे लाल कागज लगाती थी." आणि कमरेत तीनदा वाकलास. मालन पुटपुटली, "भावजींना कळतंय. तुम्हालाच कळत नाही."

तेव्हाच्या सेक्रेटरींना बाग आवडली. त्यांनी पाटी करून आणली, निळी, पत्र्याची. वर 'हिंद-चीन मैत्री उद्यान', खाली तुझं नाव, त्याखाली माझं. फीत कापली, समोसे आले, पेपरवाल्यानं आपल्या दोघांचा हात हातात देऊन फोटो काढला. मैत्री! आपण हा शब्द कधी वापरला होता का रे? आपण एकमेकांना गाढव म्हणायचो.

सगळे गेल्यावर तू समोसा हातात तसाच धरून पाटीकडं बघत होतास. म्हणालास, "बाप का भी बोर्ड था. शिलाँग में, दुकान पे. पुलिस ने उतारा." बासष्टची, चीनच्या लढाईतली गोष्ट. तू दहा वर्षांचा. सगळ्यांना गाडीत घालून राजस्थानातल्या छावणीत नेलं, चार वर्षं ठेवलं. गुन्हा काय, तर नाक-डोळे. परत आलात तेव्हा दुकानात दुसराच माणूस बसलेला. एवढंच सांगितलंस. समोसा कुत्र्याला घातलास. पुन्हा तो विषय नाही.

माझा थोरला चुलतभाऊ त्याच लढाईत गेला, लिऊ. ते मी तुला त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही नाही. तुझ्या दुःखात आपलं कशाला घालायचं असं वाटलं, का आणखी काही वाटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मालन आजारी पडली तेव्हा बत्तीस सेक्टरच्या दवाखान्यात मी आत आणि तू बाहेर बाकावर. अठरा दिवस. डबा आणायचास, मी खात नाही म्हटलं की स्वतः उघडून माझ्यासमोर खायला बसायचास, म्हणजे मला भूक लागावी. ती गेली. त्यानंतर मी बागेत जाईना. अमावास्येला दगडाला शेंदूर ती लावायची. ती अमावास्या आली, मी गॅलरीतून बघतो तर तू दगडापाशी, हातात वाटी. खाली आलो आणि ओरडलो, "तू क्या करता है?" म्हणालास, "भाभी का काम है. रुकना नहीं चाहिए." तेव्हापासून दर अमावास्येला तूच. मी तिथं बसायचो फक्त. तुझे उपकार झाले हे मी तुला कधी म्हटलं नाही. आज म्हणतो.

मग ते वर्ष आलं. आधी आजार. रस्ते बंद, धूर बंद, आणि गोल दारात कसौली अशी स्वच्छ की वरची घरं मोजावीत. आपण दोघं तोंडाला फडकी बांधून बागेत. वरच्या बाल्कनीतून कुणीतरी ओरडायचं, "लिऊ अंकल, ये क्या भेज दिया आपने?" तू खालून ओरडायचास, "हम क्या भेजेगा? हम तो खुद महीने से दूध लेने नहीं गया!" लोक हसायचे. तूही हसायचास. मग सरहद्दीवर मारामारी झाली, आपली पोरं गेली. तू त्या दिवशी जेवला नाहीस हे मला माहीत आहे. सोसायटीला माहीत नव्हतं. हसणं बंद झालं.

मीटिंग मैदानात झाली, खुर्च्या लांब लांब. नवे सेक्रेटरी आले होते. चार तरुण उठले. "बोर्ड पे लिखा है हिंद-चीन मैत्री! कैसी मैत्री? हमारे जवान मर रहे हैं." कुणी म्हणालं, गेट तोडा. कुणी म्हणालं, हातोडा आणा, आत्ताच. तू सगळ्यात मागं बसला होतास, हात गुडघ्यांवर.

मी उठलो. वाटलं, दार जाणार. आणि लिऊ, खरं सांगायचं म्हणून लिहायला बसलोय तर तेही सांगतो, नुसतं दारासाठी उठलो नाही. पाटीवर खाली माझंही नाव होतं. तुझ्याबरोबर मलाही धरतील, पोराला सोसायटीत तोंड दाखवणं अवघड होईल, ही भीती होती. मी म्हणालो, "कौन सा चाइना? ये हमारे बाबाजी का थान है. मेरी बीवी की मन्नत थी, मैंने बनाया. वो पत्थर देखो, सिंदूर देखो. बोर्ड तो पुराने सेक्रेटरी ने ऐसे ही लगा दिया." देवाच्या ठाण्याला इकडं थान म्हणतात. एकानं विचारलं, "और लिऊ अंकल?"

मी म्हणालो, "लिऊ तो बस पानी डालता था."

एका बाईनं दगडाकडं बघून हात जोडले. झालं, देव ठरला. मी मागं वळून बघितलं नाही. त्याच संध्याकाळी पाटीचे स्क्रू मी स्वतः काढले आणि पाटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकली. तुझ्या बापाची पाटी निदान पोलिसांनी काढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास, हातात पाण्याची कॅन. मी म्हणायला लागलो, "कल जो बोलना पडा..." तू मधेच विचारलंस, "गेट बच गया ना?" मी म्हटलं, हो. "बस." आणि बांबूला पाणी घालायला लागलास. मला वाटलं मिटलं. किती हलकं वाटलं मला त्या दिवशी, काय सांगू.

त्यानंतर दगडाला सोसायटीनं नारिंगी ऑइलपेंट मारला, दर दिवाळीला एक हात. घंटा बांधली. मंगळवारी दिवे यायला लागले. आणि आपली रोजची किरकिर सुरू झाली. तू कातरीला हात लावेनास. बांबू माजला, मी म्हटलं काप. म्हणालास, "तुम्हारा थान है, तुम काटो." वाटेची फरशी हलली. "तुम मिस्त्री है, तुम देखो." कुठलं झाड कुठं लावू विचारलं तर खांदे उडवायचास. अमावास्येची वाटीही तेव्हाच थांबली, पेंट आहे आता, कशाला, म्हणालास. मी तुला आळशी म्हातारा म्हणायचो. गुडघे धरलेत याचे, असं मीच ठरवून टाकलं. पण पाणी? थंडी असो, धुकं असो, पाणी एक दिवस चुकलं नाही. गेलास त्या सकाळीसुद्धा कॅन भरून दाराशी ठेवलेली होती.

तुला पंचवीस सेक्टरच्या स्मशानात पोचवून आलो. लिंडा टोरांटोहून वेळेवर पोचली. आठवड्यानं सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरी कागद घेऊन उभे. बाबाजीला संगमरवर बसवायचा, जाळी लावायची, वाट सरळ करायची, आणि गोल दार काढून तिथं मोठी कमान करायची, कारण गोल दारातून ताट घेऊन वाकून जावं लागतं, बायकांना त्रास होतो. सगळ्यांच्या माना हलल्या. म्हणजे मी ज्या दारासाठी तुझं नाव विकलं, ते दार माझ्याच देवासाठी पडणार होतं.

मी उठलो. म्हणालो, "बाबाजी कोई नहीं है. मैं झूठ बोला था. ये बाग लिऊ का है. उसकी माँ का देखा हुआ. मैं सिर्फ मिस्त्री था."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "अंकलजी, पाँच साल क्यों नहीं बोले?"

"डर गया था."

"अब?"

"अब कौन बचा है जिसके लिए डरूँ."

पोरगा तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसला होता. सेक्रेटरी माणूस वाईट नाही. हळूच म्हणाले, "सोच लो. बाबाजी हैं तो जगह बाबाजी की, कोई हाथ नहीं लगाएगा. बाबाजी नहीं, तो मेंबर लोग पार्किंग माँगेंगे. फिर न गेट, न पत्थर." मी म्हटलं, सोच लिया. खरं म्हणजे नव्हता केला विचार. तोंडातून गेलं.

मीटिंगहून थेट तुझ्या घरी गेलो. लिंडा खोकी भरत होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तेव्हा काय बोललो, आज काय बोललो. ती खोक्याला चिकटपट्टी लावत ऐकत होती. म्हणाली, "मुझे पता है, अंकल. मैं हर संडे फोन पे पूछती थी, गार्डन कैसा है. पापा बोलते थे, जाधव से पूछो. हम तो बस पानी डालता है."

मी जिन्यावर बसलो.

पाच वर्षं. बांबू, फरशी, कातर, वाटी. मी गुडघे समजत होतो. मी चारचौघांत तुला जेवढा ठेवला, तेवढाच तू राहिलास. एक पान जास्त तोडलं नाहीस.

मी विचारलं, "उसको बुरा लगा था?"

"बहुत," लिंडा म्हणाली. आणि पट्टी दातानं तोडली.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, नाही हो अंकल, पापांच्या मनात काही नव्हतं. ती तुझी पोरगी आहे. तिनं खरं सांगितलं. मला त्या एका शब्दाचा इतका मार लागला, आणि तरी तिचे पाय धरावेसे वाटले. निदान कुणीतरी मला असं फुकट सोडलं नाही.

परवा सकाळी खोबरेल तेल, बांबूची कामटी आणि जुनं धोतर घेऊन दगडापाशी बसलो. आमच्या गावाकडं शेंदराचा थर फार चढला की उतरवतात आणि वाहत्या पाण्यात सोडतात, ते पाप नाही. पण हक्काच्या माणसानं उतरवायचा. माझा हक्क आहे का हे कुणाला विचारणार? ऑइलपेंट होता, तेल मुरलं तशी खपली निघायला लागली. वाढलेल्या नखासारखी, पाच पापुद्रे. बरोबर पाच. त्याखाली जुना शेंदूर लागला, काळपट, तेलानं दगडात मुरलेला. तिथं हात थांबला. त्या थरावर खुणा होत्या. मालन तीन बोटांनी खालून वर ओढायची. आणि तू, गाढवा, बुटाला पॉलिश करतोस तसा गोल गोल घासायचास. म्हसोबाला पॉलिश! तिची बोटं तुझ्या घासण्याखाली दिसत होती. मी तिथं बसून रडलो. मालन गेली तेव्हा रडलो नव्हतो, तुझ्यासमोर लाज वाटायची.

तो थर मी ठेवला. वरचं माझं खोटं तेवढं काढलं.

तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधल्या पंजाबी आजी, बीजी, ताट घेऊन आल्या. रोज येतात. दगड बघून ताट हातातच राहिलं. "हाय रब्बा, अंकलजी, ए की कीता? बाबाजी कहाँ गए?"

मी म्हटलं, "बाबाजी नहीं थे, बीजी. मेरे दोस्त का पत्थर है. बूटवाला लिऊ. बाग उसने बनाया. सिंदूर मेरी बीवी ने लगाया."

बीजींनी एकदा दगडाकडं, एकदा ताटाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मैंने यहाँ पोते के लिए मन्नत माँगी थी. कनाडा का वीजा लग गया था उसका."

"लग गया ना, बीजी. अच्छा हुआ."

"पर लगाया किसने फिर?"

म्हटलं, "मालूम नहीं, बीजी." त्यांनी ताटातला दिवा फुंकर न मारता पदराआड धरला आणि तशाच परत गेल्या, वाकड्या वाटेनं, जपून पाय टाकत. काल आल्या नाहीत. आजही नाही. बाकीचेही कुणी नाही. घंटा कुणीतरी काढून नेली.

म्हणजे आता बाग राखायला देव नाही. माझ्या खोट्यानं ती पाच वर्षं राखली आणि माझ्या खऱ्यानं ती जाईल, असं दिसतंय. पोरगा म्हणाला, "बाबा, चुप रहते तो कम से कम पत्थर तो बचता." खरं आहे त्याचं. मी माफी मागत नाही, लिऊ. मागायची तेव्हा तू कॅन घेऊन समोर उभा होतास, तेव्हा मागितली नाही. आता मागणं म्हणजे स्वतःचीच पाठ थोपटणं.

आज सकाळी कातर घेऊन आलो आणि बांबूसमोर उभा राहिलो. कुठून कापायचा ते मला कळत नाही. तू कधी शिकवलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. तसाच परतलो.

रविवारी पार्किंगची मोजणी करायला येणार आहेत. येऊ देत. टेप घेऊन पोरं आली आणि विचारलं की ही जागा कुणाची, तर तुझं नाव सांगीन, मोठ्यानं, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. ठेवली तर तुझी म्हणून ठेवतील. तोडली, तर तुझी म्हणून तोडतील.